अनशी ढाकण्याचा सण आणि किद्दूशचा प्याला

गेल्या पेसाहच्या सेदेरच्या रात्री मेजावर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक दुकानातून आणलेली, लेबल लावलेली, गोड व काळसर द्राक्षांची. दुसरी घरची, जुन्या काचेच्या बाटलीत भरलेली, काळ्या मनुकांच्या शरबताची. येथेच जन्मलेल्या आणि येथील ज्यू शाळेत शिकणाऱ्या एका लहानग्याने घरच्या बाटलीकडे बोट दाखवून विचारले, "आजी, हे खरे वाइन नाही ना? मग यावर ब्राखा चालते कशी?" आजीबाईंनी उत्तर दिले नाही, त्यांनी शरबताची बाटली उचलून हळूच स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. त्या बाटलीचे तसे उठून जाणे आम्हांस फार लागले. प्रस्तुत लेख त्या मुलाला द्यावयाच्या उत्तरासाठी आहे, आणि त्या आजीबाईंसाठीही.

प्रश्न वरवर पाहता पाकशास्त्राचा वाटतो, परंतु त्याच्या मुळाशी इतिहास आहे. आपल्या समाजाला गेल्या शंभर-दीडशे वर्षांत अनेकदा विचारण्यात आले की, तुमचे हे खरे का, तुमचे ते खरे का. १९६२ साली इस्राएलमधील मुख्य रब्बीपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांविषयी चौकशीचे निर्देश काढले, तेव्हा तर आपल्या वंशशुद्धीचाच प्रश्न उभा केला गेला. १९६४ साली यरुशलेममध्ये आपल्या लोकांनी जो निर्धाराने लढा दिला त्यानंतर तो मिटला. त्या मानाने शरबताचा प्रश्न लहान आहे, हे मान्य. तथापि मोठ्या प्रश्नांत माणसे लढतात. लहान प्रश्नांत बाटली मुकाट्याने आत नेऊन ठेवतात.

प्रथम द्राक्षारसाच्या साठवणीचा प्राचीन इतिहास पाहू, कारण आपल्या पूर्वजांना हे शास्त्र किती सूक्ष्मपणे अवगत होते याची आपल्यापैकी पुष्कळांना कल्पना नसते. यरुशलेमच्या वायव्येस गिबओन नावाचे गाव होते. यहोशवाच्या पुस्तकात त्याचे नाव आपण वाचतो. तेथे अमेरिकन संशोधक जेम्स प्रिचर्ड यांनी १९५६ ते १९६२ या काळात उत्खनन केले. त्यांना खडकात कोरलेली त्रेसष्ट तळघरे सापडली, घंटेच्या आकाराची, तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद, सुमारे दोन मीटर खोल. शेजारी द्राक्षे तुडविण्याची कुंडे आणि गावाचे नाव कोरलेल्या रांजणांचे कान मिळाले. संशोधकांनी या तळघरांतील उष्णतामान मोजले तेव्हा ते बाहेरच्या कडक उन्हाळ्यातही सुमारे अठरा अंश सेल्सियसवर स्थिर राहते असे आढळले. येथे आपण बेसमेंटमध्ये बाटल्या ठेवतो. गिबओनकरांनी सव्वीस-सत्तावीसशे वर्षांपूर्वी तेच केले, फक्त त्यांचे बेसमेंट छिन्नीने कोरलेले होते.

त्याहूनही जुना पुरावा गालील प्रांताच्या पश्चिमेस तेल काब्री येथे २०१३ साली मिळाला. सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या एका राजवाड्याच्या कोठीत चाळीस मोठे रांजण निघाले. त्यांच्या तळाशी चिकटलेल्या अंशांची परीक्षा केली असता द्राक्षारसाबरोबर मध, राळ व सुगंधी वनस्पती यांच्या खुणा दिसल्या. राळ घालण्याचा हेतू चव हा होताच, पण टिकवण हाही होता. शोमरोनच्या राजवाड्यात सापडलेल्या खापरांवरील इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील नोंदी तर आपल्याला अधिकच जवळच्या वाटाव्यात. कोणत्या गावाहून कोणाच्या नावे काय आले याच्या त्या पावत्या आहेत, आणि त्यांत दोनच जिन्नस पुन्हा पुन्हा येतात : "जुना द्राक्षारस" आणि तेल. आपण कोकणात उतरलो तेव्हा या दोहोंपैकी एक आपल्याबरोबर राहिले आणि एक सुटले. तेल राहिले, घाणा चालवून आणि शनिवारी तो बंद ठेवून आपले पूर्वज शनवार तेली म्हणून ओळखले गेले. द्राक्षारस मात्र सुटला.

तो सुटला याचे कारण श्रद्धेत नाही, हवामानात आहे. द्राक्षवेलीला कोरडी हवा आणि थंड विश्रांती लागते. चार महिने मुसळधार पाऊस आणि वर्षभर दमट उष्मा अशा अलिबाग, पेण, रोहा, म्हसळा या पट्ट्यात माड व पोफळी माजतात, द्राक्षाचा घड बुरशीने काळा पडतो. बाहेरून द्राक्षारस येत नव्हता असे नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचच्या बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीचा द्राक्षारस प्रथम सांगितला आहे. आपल्या नवगावपासून हाकेच्या अंतरावर नव्हे, पण बैलगाडीच्या अंतरावर असलेले चौल हेही त्या काळचे नामांकित बंदर. तेथे आणि घारापुरीस इराणी आखाताकडून आलेल्या, आतून डांबर लावलेल्या लांबोळक्या रांजणांची खापरे संशोधकांना मिळाली आहेत. परंतु तो राजेरजवाड्यांचा व सावकारांचा माल. गावोगाव घाणा चालविणाऱ्या तेल्याच्या घरी तो कोठून येणार?

म्हणून आपल्याकडे मनुका आल्या. द्राक्ष प्रवास करू शकत नाही, मनुका करू शकते. काबूल-कंदाहारकडील मेवा उंटांवरून व जहाजांतून मुंबईस येई आणि तेथून किनाऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानी पोहोचे. ज्या दिवशी आपल्या समाजात किद्दूशचा विधी पुन्हा रूढ झाला, त्या दिवशी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून काढलेले शरबत प्याल्यात आले. हे आपण एकट्यांनीच केले असेही नाही. ज्यांनी १९व्या शतकात आपल्याला प्रार्थना शिकविल्या ते कोचीनचे ज्यू बांधव स्वतः शब्बाथासाठी मनुकांचाच रस करीत. येमेनमध्ये, पूर्व युरोपातील गरीब खेड्यांत, एवढेच काय, १९व्या शतकातील अमेरिकेतही पेसाहसाठी घरोघरी मनुका भिजत पडत. आज जो मुलगा शरबताला हसतो, त्याच्या शाळेतल्या कित्येक मित्रांच्या पणजीने तेच केलेले असावयाचे.

शास्त्राचे म्हणाल तर तल्मूदाने हा प्रश्न आपल्यासाठी कधीच सोडवून ठेवला आहे. बाबा बाथ्रा या प्रकरणाच्या ९७व्या पानावर कोणता द्राक्षारस वेदीवर चालतो व कोणता किद्दूशला चालतो याची चर्चा आहे. तेथे मनुकांच्या रसाविषयी निर्णय असा की, वेदीवर तो मुद्दाम आणू नये, पण आणला तर तो मान्य आहे. आणि त्याअर्थी किद्दूशला तो चालतो. त्याच पानावर चौथ्या शतकातील बाबिलोनचे महापंडित रावा यांचा निर्णय आहे की, द्राक्षांचा घड हाताने पिळून त्या ताज्या रसावरही मनुष्य किद्दूश म्हणू शकतो. म्हणजे मादकता ही किद्दूशची अट नाही. १५६५ साली व्हेनिस येथे छापल्या गेलेल्या 'शुल्हान आरूख'मध्ये योसेफ कारो यांनी हेच कायम केले. अट एवढीच की, मनुका भिजविण्यापूर्वी त्यांत स्वतःचा ओलावा असला पाहिजे, म्हणजे दाबल्यास काही रस निघाला पाहिजे. दगडासारख्या वाळून कोळ झालेल्या मनुका चालत नाहीत. पुढील पंडितांनी पाण्याच्या मानाने मनुका एक-षष्ठांशाहून अधिक असाव्यात असे प्रमाण सांगितले. आपल्या जुन्या बायका एक वाटी मनुकांना दोन-अडीच वाट्या पाणी घेत; शास्त्र न वाचताही त्या शास्त्राच्या पुष्कळ अलीकडे होत्या. हल्ली घाईत मूठभर मनुका आणि भांडेभर पाणी असा प्रकार दृष्टीस पडतो, तो मात्र टाळावा. त्या पाण्यावर 'बोरे पेरी हागेफेन' म्हणता येईल की नाही ही खरोखरच शंका आहे, आणि अशा वेळी विचारणाऱ्या मुलाचे चूक नसते.

साखरेविषयीही एक बारीक गोष्ट. मध घातलेला द्राक्षारस वेदीवर चालत नसल्याने तो किद्दूशलाही नको, असे रामबाम यांचे मत होते. कारो यांनी तो चालतो असे लिहून, काहींचे मत उलट असल्याची नोंदही केली. चांगल्या काळ्या मनुकांना मुळात साखरेची गरजच नसते. नुसते शरबत ठेवले की हा वाद आपल्या घरी येतच नाही.

आता 'अनशी' हा शब्द. आजच्या तरुणांना तो कदाचित ऐकूनही ठाऊक नसेल. पेसाह, योम किप्पूर ही नावे आपल्यात रूढ होण्यापूर्वी सणांना आपली मराठी नावे होती : नव्याचा सण, दारफळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि त्यांच्या पश्चात १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात ती नोंदलेली आहेत. त्यांत पेसाहचे नाव आहे अनशी ढाकण्याचा सण. अनस म्हणजे मातीच्या भांड्यात ठेवलेला आंबट रस, जेवणात तोंडीलावणे म्हणून घेण्याचा. पेसाहच्या दिवसांत ते भांडे झाकून ठेवीत. हागादा नव्हती, हिब्रू अक्षरे विसरली होती, मिसरमधून सुटकेची कथाही धूसर झाली असेल. परंतु या आठ दिवसांत घरात आंबलेले काही वापरावयाचे नाही, ही एक गोष्ट त्या बायकांनी शतकानुशतके सांभाळली. आम्ही शाळेत इतिहास शिकविताना दस्तऐवज, शिलालेख, नाणी ही साधने सांगत असू. एका मडक्यावरचे झाकण हेही साधन असू शकते, हे आम्हांस केहिमकरांनी शिकविले.

झाकण्याचा विषय निघाला आहे तर दुसरेही एक झाकण सांगून टाकू. मिश्नाच्या तेरुमोथ प्रकरणात उघडा राहिलेला द्राक्षारस निषिद्ध सांगितला आहे, सापाने त्यात विष सोडले असेल या भीतीने. कोकणातल्या घरी शरबताचे पातेले रात्रभर मलमलीच्या फडक्याने बांधून शिंक्यावर ठेवीत. तेथे साप ही पुस्तकातली कल्पना नव्हती. टोरांटोत साप येणार नाही, पण फ्रिजमधील कापलेल्या कांद्याचा वास उघड्या शरबताला एका रात्रीत लागतो.

मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा १९४९ साली झाला आणि १९५०च्या एप्रिलपासून संपूर्ण राज्यात दारूबंदी आली. धार्मिक विधीसाठी परवानगी घेऊन द्राक्षारस ठेवण्याची तरतूद कायद्यात होती. पण आपल्या बहुतेक घरांना त्या परवान्याची गरजच पडली नाही. शेजारीपाजारी परवान्यासाठी खेटे घालीत असता आपला किद्दूश मनुकांवर निर्वेध चालू राहिला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती तेव्हा तेथील ज्यूंपुढे हाच प्रश्न मोठ्या रूपात आला. धार्मिक द्राक्षारसाच्या नावाखाली काळाबाजार माजला, खोटे रब्बी निघाले. त्या वेळी १९२२ साली न्यूयॉर्कच्या ज्युइश थिऑलॉजिकल सेमिनरीचे महापंडित लुई गिन्झबर्ग यांनी विस्तृत निर्णयपत्र लिहून, न आंबवलेला द्राक्षरसही किद्दूशला द्राक्षारसाइतकाच चालतो असे सप्रमाण दाखविले. अनेक सनातनी रब्बींनी त्यांच्यावर टीका केली. पण रावांच्या ज्या वचनाचा आपण वर उल्लेख केला, ते टीकाकारांनाही पुसता आले नाही.

कॅनडाची कथा थोडी निराळी. ओंटारिओत १९१६ साली मद्यविक्री बंद झाली, परंतु स्थानिक द्राक्षांच्या वाइनला त्यातून सूट मिळाली. नायगारा भागातील बागाईतदारांचे वजन त्यामागे होते. क्युबेकने १९२१ साली सरकारी दुकानांचा मार्ग धरला, ओंटारिओने १९२७ साली एल.सी.बी.ओ. स्थापन केले. त्या काळी येथील वाइन बव्हंशी कॉन्कॉर्ड वगैरे अमेरिकन जातींच्या द्राक्षांची होई. मॅसॅच्युसेट्समध्ये १९व्या शतकाच्या मध्यास इफ्रेम बुल यांनी निपजविलेली ही कॉन्कॉर्ड जात थंडीला दाद देत नाही, पण तिच्या रसाला एक उग्र वास असतो आणि भरपूर साखर घातल्यावाचून तो पिववत नाही. किद्दूशची वाइन म्हणजे घट्ट, काळी, पाकासारखी गोड हा जो समज येथील ज्यू समाजात रुजला, तो असा कॉन्कॉर्डमुळे. सेदेरच्या मेजावरील ती लेबलवाली बाटलीही त्याच कुळातली. ज्याला मुलगा "खरे" म्हणत होता ते साखर घातलेले, आणि ज्याला "खोटे" म्हणत होता त्यात द्राक्षांखेरीज केवळ पाणी! आम्हांस त्या बाटलीविषयी अनादर नाही. पण न्याय दोहोंना सारखा असावा.

पुढे १९७५ साली डोनाल्ड झिराल्डो व कार्ल कायझर यांच्या इनिस्किलिनला परवाना मिळाला आणि नायगारात युरोपीय जातींच्या चांगल्या वाइनचे युग सुरू झाले. १९८८च्या मुक्त व्यापार कराराच्या सुमारास जुन्या वेली मोठ्या प्रमाणावर उपटल्या गेल्या. येथील आइसवाइन आता जगभर प्रसिद्ध आहे : द्राक्षे वेलीवरच ठेवून उणे आठ अंश किंवा त्याहून अधिक थंडीत गोठू द्यावयाची आणि गोठलेली असतानाच दाबावयाची. पाण्याचा बर्फ मागे राहतो, गोड अर्क बाहेर येतो. म्हणजे द्राक्षातील पाणी काबूलमध्ये उन्हाने काढले, नायगारात हिमाने. बायकांनी मनुकेत पुन्हा पाणी घातले, एवढाच काय तो फरक. इकडे आपल्या महाराष्ट्रातही काळ बदलला आहे. नाशिक व सांगली जिल्ह्यांत द्राक्षांचे मळे पसरले, तासगावच्या बेदाण्याने काबुली मेव्याची जागा घेतली, आणि २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केल्यावर नाशिकला वाइनचे कारखाने उभे राहिले.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण आपल्या घरांत दोन्ही बाटल्या असतात आणि दोहोंची हेळसांड होते. वाइनचे शत्रू तीन : उष्णता, उजेड आणि हवा. फ्रिजच्या माथ्यावर किंवा शेगडीजवळच्या कपाटात बाटली ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. त्याहून वाईट जागा घरात नाही. बेसमेंटमध्ये भट्टीपासून व कपडे धुण्याच्या यंत्रापासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात, बारा-तेरा अंशांच्या आसपास ती सुखाने राहते. बूच असेल तर बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहून फुगलेले राहते व हवा शिरत नाही. फिरकीचे झाकण असेल तर उभी ठेवण्यास हरकत नाही. हिवाळ्यात गाडीत बाटली विसरू नये. आम्ही एकदा जानेवारीत रोश होदेशच्या आदल्या दिवशी ती चूक केली. साधारण वाइन उणे सहा अंशांच्या सुमारास गोठू लागते. सकाळी बूच अर्धे वर आले होते आणि मागच्या आसनावर जांभळा बर्फ. तो डाग गाडी विकेपर्यंत गेला नाही.

उघडलेली बाटली बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन ते पाच दिवस चांगली राहते, गोड वाइन त्याहून काही अधिक. पुढे हवेतील जंतू तिचे आम्ल करतात. १८६०च्या दशकात लुई पाश्चर यांनी याच प्रश्नाचा शोध घेतला आणि रस मंद तापवून टिकविण्याची रीत सांगितली. शरबतात मद्यार्क नसल्याने ते अधिक नाजूक. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस; नंतर त्यावर बुडबुडे दिसू लागले तर ते आंबू लागले असे समजावे. शुक्रवारी सकाळी करून ठेवलेले उत्तम. मनुका घेताना काळ्या घ्याव्यात. पिवळ्या मनुकांना गंधकाची धुरी दिलेली असते, त्यांचे शरबत फिके व किंचित उग्र होते. येथील पाकिटांतील काही मनुकांवर तेलाचा हात फिरविलेला असतो, तेव्हा पाकिटावरील मजकूर वाचावा, काशेरचे चिन्ह पाहावे, आणि कोमट पाण्यात त्या एकदा खळबळून घ्याव्यात. मग रात्रभर भिजवून, त्याच पाण्यात कुस्करून, दोनदा गाळावे. पहिल्या गाळणीत घाई केली की प्याल्याच्या तळाशी गाळ बसतो.

किद्दूशचा प्याला आतून-बाहेरून धुतलेला व काठोकाठ भरलेला असावा. त्यात निदान एक रेविईथ, म्हणजे प्रचलित मोजणीप्रमाणे सुमारे ८६ मिलिलिटर, रस मावला पाहिजे. पुष्कळ घरांत शोभेच्या लहान चांदीच्या प्याल्या असतात, त्या एकदा पाण्याने मोजून पाहाव्यात. आमच्या पिढीच्या घरांतील जर्मन सिल्व्हरचे ओबडधोबड पेले या परीक्षेत सहज उतरतात. ज्या प्याल्यातून कोणी घोट घेतला त्यातला उरलेला रस शास्त्राने 'पगूम' म्हणजे उणा ठरतो. त्यावर पुन्हा ब्राखा म्हणावयाची असल्यास बाटलीतून थोडा ताजा रस त्यात घालून तो पुरा करावा. उष्टा रस बाटलीत परत ओतू नये, हे तर सांगावयासही नको. पण पाहुणे गेल्यावर ते होते, हे आम्ही पाहिले आहे.

त्या सेदेरच्या रात्री चौथा प्याला भरण्यापूर्वी आम्ही स्वयंपाकघरात जाऊन ती बाटली परत आणली आणि त्या मुलाला बाबा बाथ्राचे पान, घड पिळणारे रावा आणि झाकलेले अनशीचे मडके, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या. त्याने पहिल्या दोन ऐकून घेतल्या. तिसरीवर मात्र विचारले, मडके कुठे आहे? ते आम्हांपाशी नव्हते. मग त्याने प्याला पुढे केला आणि त्याच्या आजीने शरबत ओतले. दुसऱ्या दिवशी गाळून उरलेला मनुकांचा चोथा घालून तिने खोबऱ्याच्या वड्या केल्या, त्यातल्या चार आम्हांस पाठविल्या.